फुगवलेलं इंजिन आणि बांधलेलं इंजिन



बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. आज लिहायला बसले आहे ती रागाने, हे आधीच सांगून टाकते.

श्रावणातल्या सत्यनारायणाला घरचे सगळे जमले होते. प्रसाद वाटून झाला आणि विषय निघाला माझ्या नातवाच्या गाडीचा. तिचं इंजिन मे महिन्यात गेलं. ते आता इथे कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींच्या टेबलावर सुटं पडलंय. ते पुन्हा बांधायला ऐंशी हजार रुपये मी दिले, माझ्या मुदतठेवीतून. ही बातमी तोवर सगळ्यांपर्यंत पोचलेली होती. जावईबापू (म्हणजे त्याचे वडील) म्हणाले, "आई, तुम्हीच त्याला बिघडवताय. ही असली इंजिनं म्हणजे टवाळ पोरांचे धंदे." धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, भंगारात घाला ती गाडी." आणि नातवाचा एक मित्र आला होता, तो हळूच म्हणाला, "आजी, एवढा खर्च कशाला? दुसऱ्या ट्यूनरकडे न्या. तो याच्यापेक्षा भारी फाईल टाकतो."

तिथे कुणालाच उत्तर दिलं नाही. पूजेच्या घरात वाद नको म्हणून गप्प बसले. आता देते.

माझं म्हणणं असं. टर्बो इंजिनाची ताकद वाढवणं हा वाईट नाद नाही. पण ती ताकद पेलणारं इंजिन आधी बांधावं लागतं, आणि मोजून बांधावं लागतं. ज्याला तेवढा वेळ आणि पैसा नाही, त्याने कंपनीने दिलेलं इंजिन जसंच्या तसं चालवावं, त्यात काही कमीपणा नाही. मधला जो रस्ता आहे, लॅपटॉप जोडून अर्ध्या तासात घोडे वाढवण्याचा, तो फसवणुकीचा आहे. आणि हा फरक न बघता दोन्हींना एकच शिवी देणारे आमचे नातेवाईकही तितकेच चुकताहेत.

"बी.ए.ला मराठी घेतलेल्या बाईला इंजिनातलं काय कळतं?" असा प्रश्न येणारच. तर गेले तीन महिने दुपारचा एक तास मी मिस्त्रींच्या दुकानात स्टुलावर बसते, वही घेऊन. आयुष्यभर पोरांना "न कळलेलं विचारा" असं सांगत आले, तेच करते. मिस्त्री कंटाळले नाहीत अजून.

आधी काय झालं ते सांगते. गाडी छोटी, तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण कंपनीचा यात काडीचा दोष नाही. कंपनीने इंजिनाला ११० घोड्यांची ताकद दिलेली. पोराने एका दुकानात अठ्ठावीस हजार भरून ती १४५ करून घेतली. याला म्हणे 'स्टेज वन'. स्टिअरिंगच्या खाली वायर जोडायची, इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली मूळची फाईल काढायची, दुसरी टाकायची. चहा प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात काम झालं. इंजिनाचा एक स्क्रूसुद्धा कुणी फिरवला नाही. पिकअप मात्र खरंच वाढला, खोटं कशाला बोलू. सात महिने पोरगा खुशीत होता.

मे महिन्यात आम्ही रत्नागिरीहून परत येत होतो. गाडीत पाच माणसं, डिकीत आंब्याच्या चार पेट्या, एसी सुरू, बाहेर रणरणतं ऊन आणि समोर आंबा घाटाचा चढ. मध्येच एक आवाज यायला लागला, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. मग धक्का बसला, गाडी लंगडायला लागली आणि मागे निळा धूर. मी मागच्या सीटवर होते. एका वळणावर मागून ट्रक येत होता आणि आमच्या गाडीत ओढच उरली नव्हती, तो क्षण मी विसरणार नाही. त्यामुळे हा माझ्यासाठी निव्वळ वादाचा विषय राहिलेला नाही.

इंजिन उघडल्यावर दिसलं की तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनचा, वरच्या दोन रिंगांच्या मधल्या कडेचा एक तुकडा उडाला होता. मिस्त्रींनी तो माझ्या तळहातावर ठेवला. नखाएवढा.

आता हे का झालं, ते मला समजलं तसं सांगते.

टर्बोची कल्पना आजची नाही. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावर बसवलेल्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, छोट्या टर्बोत तर दोन लाखांच्या पुढे. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल, म्हणून जास्त ताकद. हे झालं जाहिरातीतलं अर्धं वाक्य.

उरलेलं अर्धं असं : हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाचं तोंड हाताला लागलंय ना कधी? तेच. बाहेरची हवा ३० अंशांची असेल आणि टर्बोने तिच्यावर आणखी एका वातावरणाचा दाब चढवला (याला १ बार बूस्ट म्हणतात), तर चांगल्यापैकी टर्बोतूनसुद्धा ती सव्वाशे अंशांच्या आसपास तापून बाहेर पडते. ती थंड करायला पुढे इंटरकूलर असतो. पण तो किती थंड करणार, हे त्याच्या आकारावर आणि बाहेरच्या हवेवर ठरतं. फाईल बदलल्याने इंटरकूलर मोठा होत नाही.

गरम आणि दाबलेल्या हवेचा धोका काय? लवंगी फटाक्यांची माळ एका टोकाला पेटवली तर ती क्रमाने वाजत जाते. तीच माळ जाळात टाकली तर सगळी एकदम फुटते. सिलिंडरमध्ये ठिणगीपासून ज्योत क्रमाने पसरायला हवी. पण हवा फार तापलेली, दाब फार वाढलेला आणि पेट्रोलचं ऑक्टेन कमी असलं, तर ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपणहून भडकतं. त्याला नॉकिंग म्हणतात. आमच्या डब्यातले खडे ते हेच. प्रत्येक खडा म्हणजे पिस्टनच्या डोक्यावर हातोडीचा घाव. ओतीव पिस्टनची रिंगांजवळची कड नाजूक असते, ती असे घाव फार सोसत नाही.

नातवाच्या मित्राचं म्हणणं, "नॉक सेन्सर असतो की, आजी!" असतो. तो ऐकतो आणि कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा पाडून इंजिन सावरतो. पण तो ऐकतो नॉक झाल्यावर. क्वचित झालेल्या चुकीसाठी ती सोय आहे, रोज तिच्या भरवशावर घाट चढण्यासाठी नाही. फायर ब्रिगेड गावात आहे म्हणून कुणी चुलीवर रॉकेलचा डबा ठेवत नाही.

आता फाईलचं बघू. मी त्या दुकानात फोन करून विचारलं की तुमची फाईल कोणत्या पेट्रोलसाठी बनवली आहे. उत्तर आलं, "मॅडम, ती बाहेरून येते, युरोपमधून. टेस्टेड असते." टेस्टेड कुठे? जर्मनीत ९८ ऑक्टेनचं पेट्रोल सर्रास मिळतं. आपल्याकडे १०० ऑक्टेनचं पेट्रोल डिसेंबर २०२० पासून मोजक्या शहरांतल्या मोजक्या पंपांवर मिळायला लागलं. घाटाखालच्या पंपावर काय भरलं होतं, ते पोराला आठवतही नाही. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. तेवढ्याच हवेला इथेनॉल जास्त लागतं, म्हणजे पंप आणि इंजेक्टरवर भार आणखी वाढतो. इथलं पेट्रोल, इथला उन्हाळा, इथला घाट यांचा हिशेब त्या फाईलमध्ये कुणी केला होता? कुणीच नाही. पावती मात्र मिळाली. तिच्यावर खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की इंजिनाची जबाबदारी ग्राहकाची.

मी शाळेत बत्तीस वर्षं काढली. परीक्षेच्या आधी अपेक्षित प्रश्नसंच घोकणारी पोरं पाहिली. मार्क वाढायचे त्यांचे, नाही असं नाही. पण प्रश्न जरा फिरवून आला की तिसऱ्या ओळीत गाडी थांबायची. 'स्टेज वन' म्हणजे इंजिनाचा अपेक्षित प्रश्नसंच आहे. आंबा घाट हा फिरवून विचारलेला प्रश्न होता.

या दुकानदारांचं ठरलेलं वाक्य असतं : "कंपनीने ताकद मुद्दाम दाबून ठेवलेली असते, आम्ही ती मोकळी करतो." अर्धसत्य! कंपनी जागा राखून ठेवते हे खरं. पण कशासाठी? विदर्भातल्या ४५ अंशांसाठी, वाईट पेट्रोलसाठी, वेळेवर ऑइल न बदलणाऱ्या मालकासाठी, दीड-दोन लाख किलोमीटरांनंतरच्या झिजेसाठी. ती जागा चोरून ठेवलेली नाही, ती तुमच्याच अडीअडचणीची शिल्लक आहे. कुणी तुमच्या बँकेतली ठेव मोडून तुमच्या हातात दिली आणि वर म्हणालं की बघा मी तुम्हाला श्रीमंत केलं, तर त्याला तुम्ही काय म्हणाल?

दुसरं नेहमीचं उदाहरण येतं टोयोटा सुप्राचं. नातवाच्या खोलीत तिचं चित्र आहे, २००१ सालच्या 'फास्ट अँड फ्यूरियस' सिनेमातलं. "त्या इंजिनातून लोक हजार घोडे काढतात, आजी." काढतात. पण ते इंजिन, म्हणजे २जेझेड-जीटीई, कसलं आहे ते कुणी सांगत नाही. तीन लिटर, सहा सिलिंडर एका ओळीत, जाड बिडाचा ब्लॉक, क्रँकला सात मेन बेअरिंगं, पिस्टनच्या पोटावर खालून ऑइलची धार मारणारी तोंडं. टोयोटाने जपानमध्ये ते २८० घोड्यांना विकलं. तिथल्या कंपन्यांनी आपसांत ठरवलेली तीच मर्यादा होती. बांधणी मात्र त्याहून कितीतरी जास्त दणकट केलेली. आणि हजाराचा आकडा गाठणारे लोक टर्बो, इंजेक्टर, पेट्रोल पंप, इंटरकूलर सगळं बदलतात, बहुतेक वेळा पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडही बदलतात. त्याची तुलना आमच्या तीन सिलिंडरच्या ॲल्युमिनियमच्या डबीशी? हत्ती ओंडका ओढतो म्हणून शेळीला जुंपायचं का?

टर्बोचा इतिहास वाचलात तर त्यात हीच शिकवण आहे. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिलने जेटफायर ही टर्बोची गाडी काढली. नॉकिंग टाळायला तिच्यात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारायची सोय होती, 'टर्बो रॉकेट फ्लुइड' असं भारदस्त नाव असलेली. ती टाकी मालकाने भरत राहायची. मालक भरेनात! टाकी रिकामी झाली की यंत्रणा बूस्ट कमी करून टाकायची, आणि गाडी नुसतीच जड. दोन वर्षांत ती गाडी बंद झाली. पुढे कित्येक गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवला गेला. ताकद सांभाळायला मालकाची शिस्त लागते आणि ती गाडीबरोबर विकत मिळत नाही, हे तेव्हाच कळलं होतं.

फॉर्म्युला वनमध्ये रेनॉने १९७७ साली टर्बो आणला. इंजिनं इतकी धुरायची की इंग्रज त्या पिवळ्या गाडीला चहाची किटली म्हणून चिडवायचे. दोन वर्षं हसू करून घेतलं आणि १९७९ साली दिजाँला, आपल्याच देशात, ते शर्यत जिंकले. त्या दोन वर्षांत त्यांनी प्रत्येक फुटलेलं इंजिन उघडून बघितलं असणार, दुसरी वाट नाही.

पण माझं आवडतं उदाहरण १९८८ सालचं. टर्बो फार माजलेत म्हणून शर्यतवाल्यांनी नियम आवळले. एकूण दाब आदल्या वर्षीच्या ४ बारवरून अडीच बारवर आणला आणि टर्बोच्या गाड्यांना अख्ख्या शर्यतीला फक्त १५० लिटर इंधन. बिनटर्बोवाल्यांना इंधनाचं बंधन नाही. टर्बो संपला असं वाटावं. आणि होंडाचं टर्बो इंजिन लावलेल्या मॅकलॅरनने, सेना आणि प्रोस्ट यांनी, १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या! बूस्ट कमी, इंधन कमी, तरी. पुढच्या वर्षी टर्बोवर बंदी आली. बूस्टचा आकडा मिरवणाऱ्या पोरांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

आता इंजिन बांधणं म्हणजे काय, ते मिस्त्रींच्या टेबलावर बघितलं तसं सांगते. जावईबापू, हा भाग तुमच्यासाठी.

पहिलं म्हणजे ब्लॉक. नवे पिस्टन घडीव आहेत, ओतीव नव्हेत. घडीव पिस्टन घाव सोसतो, पण तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून त्याला सिलिंडरमध्ये जास्त मोकळीक लागते, मिलिमीटरच्या काही शतांशांनी. कमी ठेवली तर इंजिन सीझ, जास्त ठेवली तर खडखड आणि ऑइल खाणार. होनिंग करताना मिस्त्रींनी हेडच्या जागी एक जाड लोखंडी प्लेट बोल्टांनी आवळली. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "आज्जी, हेड आवळलं की भोक वाकडं हुतंय. मोकळ्या ब्लॉकला गोल मारून काय उपेग?" म्हणजे वस्तू ज्या ताणात काम करणार, त्याच ताणात तिला घडवायची. बी.एड. करताना मला कुणी इतकं नेमकं शिकवलं नव्हतं.

मग रिंगा. रिंगेच्या दोन टोकांत फट ठेवावी लागते, कारण तापली की तीही वाढते. टर्बोच्या पेट्रोल इंजिनाला ही फट साधारण बोअरच्या दोनशेव्या हिस्स्याएवढी ठेवतात, ताकद वाढवायची असेल तर थोडी जास्त. फट कमी पडली तर टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची कडच उखडते. प्रत्येक रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवायची, फीलर गेजने फट मोजायची, कानशीने अंमळ घासायची, पुन्हा मोजायची.

मग बेअरिंगं. क्रँकवर मेणासारख्या प्लॅस्टिकचा एक बारीक धागा ठेवतात, टोपी ठरलेल्या ताकदीने आवळतात, पुन्हा खोलतात आणि धागा किती चपटा झाला ते पट्टीवर बघतात. त्यावरून ऑइलला किती जागा मिळणार ते कळतं. केवढी साधी युक्ती! मग पिस्टन आणि रॉड तराजूत घालून एकमेकांशी वजनाने जुळवायचे. फेरे ६००० वरून ७२०० केले तर फेरे फक्त वीस टक्के वाढतात, पण रॉडवरची ओढ ४४ टक्के वाढते, वर्गाच्या हिशेबाने. हे गणित नातवाने मला वहीत करून दाखवलं. हाच पोरगा दहावीत "वर्ग-घन कशाला शिकायचे" म्हणून रडायचा.

आणि कॉम्प्युटरची फाईल? ती येते सगळ्यात शेवटी. याच इंजिनाला, याच पेट्रोलवर, मिश्रण किती दाट आहे ते मोजत, नॉक ऐकत, बूस्ट थोडा थोडा चढवत. फाईल वाईट नाही हो. पाया घालायच्या आधी गच्ची विकणारा वाईट.

कायद्याचंही बोलायला हवं, कारण या पोरांना तो माहीतच नसतो. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. नोंदणीच्या कागदावरचा तपशील आणि गाडी यांत फरक पडेल असा बदल करायला त्यात मनाई आहे. विमा कंपनीला न सांगितलेला बदलही अपघातानंतर अंगाशी येतो. म्हणून पैसे देताना माझ्या दोन अटी होत्या. एक, रस्त्यावर कंपनीचीच मूळ फाईल आणि कंपनीचाच बूस्ट. जास्तीची हौस ट्रॅकवर भागवायची, कोइंबतूरजवळ आहे, चेन्नईजवळ आहे. दोन, प्रत्येक माप वहीत लिहायचं आणि ती वही मला दाखवायची. बाकीचा खर्च त्याच्या पगारातून.

भाऊजी, भंगारात घाला म्हणालात ना? भंगारात घातली असती तर पोरगा यातून शिकला असता की पैसे गेले. आणि जावईबापू, टवाळ पोरं म्हणालात. रात्री अकराला रस्त्यावर फटाके फोडत जाणारी गाडी मलाही आवडत नाही. पण ती पोरं इंजिन बांधत नाहीत हो, ती फाईल टाकून घेतात. बांधणाऱ्याला रात्री अकराला रस्त्यावर हिंडायला वेळच नसतो.

गेल्या मंगळवारचं सांगते. दुसऱ्या सिलिंडरची वरची रिंग घासताना त्याच्या हातून जरा जास्त घासली गेली. किती? मिलिमीटरच्या दहाव्या हिस्स्याहून थोडी जास्त. मिस्त्री चहाला गेले होते, मी चष्मा पुसत होते. कुणाला कळलं नसतं, कदाचित इंजिनालाही लगेच नसतं कळलं. त्याने ती रिंग दोनदा मोजली, बाजूला ठेवली, वहीत लिहिलं "चुकली, नवीन मागवणे" आणि हात पुसले. नवीन रिंगेसाठी आता तीन आठवडे थांबायचं.

माझे ऐंशी हजार वसूल झाले, मंडळी. गाडी सुरू व्हायची ती होईल.

असो. फार लांबलं. मापांत काही चूक झाली असेल तर ती माझी, मिस्त्रींची नाही. चूकभूल द्यावी घ्यावी. आणि ज्यांना रागावायचंय त्यांनी गणपतीत घरी यावं, मोदक खाऊन मग भांडू.